खैरातीचा तिसरा प्रश्न

आमच्या राजापेठेत संध्याकाळी आम्ही चार-सहा पेन्शनर वकीलसाहेबांच्या ओट्यावर जमतो. विषय रोज एकच, महागाई. परवा कोणीतरी वर्तमानपत्रातली बातमी सांगितली की सरकार गरिबांना रोख मदत देण्याचा विचार करत आहे. झालं, वकीलसाहेब उसळले. "फुकट मिळालं की माणूस हात हलवत नाही. आणि द्यायचं कोणाच्या खिशातून? तुमच्या-आमच्याच ना?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मग ते माझ्याकडे वळले. "तुम्ही तर सरकारचा पैसा स्वतःच्या हातानं वाटलात. तुमचं काय मत?"

मी म्हटलं, "मत नाही. पण एक बाई आठवते."

ओटा खो खो हसला. साठी उलटलेल्या विधुराला बाई आठवते म्हटल्यावर लोक हसणारच. मीही हसलो. घरी आलो, दिवा लावला, आणि पुढे सांगायला घरात कोणी नव्हतं म्हणून कागद पुढे ओढला. संपादकांनी दिवाळी अंकासाठी नोकरीतल्या गमती मागितल्या आहेत. गमती होत्या तेवढ्या आधी सांगून टाकतो.

मी महसूल खात्यात इन्स्पेक्टर होतो. जमिनीची मोजणी, पिकाची आणेवारी, बांधाची भांडणं यांत नोकरी गेली. मधे एक वर्ष असं आलं की मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरड्या गेल्या आणि पोळ्याला बैलांच्या पाठीवर झूल घालायला लोकांना लाज वाटू लागली. दिवाळीनंतर सरकारनं अंगात जोर असलेल्यांसाठी खडी फोडायची कामं काढली. ज्यांना काम होण्यासारखं नव्हतं, म्हणजे म्हातारे, आंधळे, पांगळे, लेकुरवाळ्या बाया, त्यांना गावात बसल्या जागी मदत द्यायची. कागदावर तिला काहीही नाव असो, वऱ्हाडात तिला खैरातच म्हणत. चांदूर बाजारच्या बाजूच्या गावांची खैरात माझ्याकडे आली.

ती रोख द्यायची होती. लोकांना वाटतं दुष्काळात धान्य नसतं. त्या वर्षी धान्य होतं. रेल्वेनं बाहेरून ज्वारी येत होती, दुकानात थप्प्या लागल्या होत्या, फक्त घ्यायला कोणाजवळ पैसा नव्हता. म्हणून दर आठवड्याला, बाजाराच्या आदल्या दिवशी, मी चावडीवर बसून नाणी वाटायचो, आणि दुसऱ्या दिवशी बाजार जिवंत व्हायचा. मेलेल्या बाजाराला धुगधुगी कशी येते ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आधी ज्वारीवाला खुलतो, मग तेलवाला, मग मिठावाला, आणि शेवटी न्हावीसुद्धा वस्तरा परजायला लागतो. एका पाटलानं तक्रार केली की अमुक बुढीनं सरकारच्या पैशाची तंबाखू घेतली. मी तंबाखूवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "सायेब, तिनं घेतली तवा कुठी माया घरी चूल पेटली." तक्रार मी निकाली काढली.

एका देशमुखांच्या वाड्यातली गंमत सांगतो. घरात दोन पडदानशीन विधवा, खायला दाणा नाही, पण दारावर मखमली पडदा. त्यांना घरपोच द्यायची सोय नियमात होती. देशमुख मिशीला पीळ देऊन म्हणाले, "खैरात आमच्या उंबऱ्याच्या आत येत नसते. तैनात येते, मानाची नेमणूक." मी म्हटलं, "तैनात म्हणा." मग ते म्हणाले, तैनात घ्यायला सरकारनं विनंती केली पाहिजे. मी सरकारतर्फे दोन्ही हात जोडून विनंती केली. देशमुखांनी नाइलाजानं मान्य केली. पुढं पावसाळ्यापर्यंत दर आठवड्याला ती विनंती करायला मला त्या दारात उभं राहावं लागलं.

गमती संपल्या.

आता ते काम कसं चाले ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. नवीन माणसाचं नाव घेताना तीन प्रश्न विचारायचे. नाव काय? काम का होत नाही? आणि तिसरा, तुला कोण आहे? मुलगा, भाऊ, पुतण्या, पोसणारं कोणीही जगात असलं तर सरकार देणार नाही. ते असूनही पोसत नसलं, तर त्याला गाठून तसा जबाब घ्यायचा. आणि हे तिन्ही प्रश्न चावडीवर, सगळ्या गावासमोर, मोठ्यानं विचारायचे. शेजारीपाजारी ऐकत असले की माणूस खोटं बोलत नाही, असं त्यामागचं शहाणपण. ते खरंही होतं. मी मूळचा अकोल्याचा, गावची बोली मला येते. आमचे तहसीलदार पुण्याकडचे, त्यांच्या कानाला ती धोंड्यासारखी लागे, म्हणून विचारायचं काम नेहमी माझंच. "माय, तुले कोन हाये?" एवढं म्हटलं की समोरून उत्तर यायचं, "कोनी नाई, बाप्पा." मी नाव लिहायचो.

हा प्रश्न मी त्या वर्षी इतक्यांदा विचारला की झोपेतसुद्धा ओठावर यायचा. माझी बायको पहिल्या बाळंतपणात गेली, मूलही गेलं. पुन्हा लग्न केलं नाही. मुक्काम चावडीशेजारच्या खोलीत, स्वयंपाक हातानं. लोकांना वाटे, साहेबाभोवती केवढी गर्दी. पण ज्याच्या हातात खैरात असते त्याच्याशी कोणी साधं बोलत नाही. "राम राम" म्हटलं तरी त्यात अर्ज असायचा. कोणाच्या ओसरीवर बसावं तर दुसऱ्या दिवशी गाव म्हणे, यांचं नाव लागलं बरं. म्हणून मी बसणं सोडलं, पान खाणं सोडलं, आणि दिवसेंदिवस ज्वारीच्या भावाखेरीज दुसरा शब्द न बोलता काढले. एकटं राहायची सवय मला घरी लागली होती. पण माणसांच्या गर्दीत एकटं राहणं मी तिथं शिकलो, आणि ते जास्त जड गेलं.

त्या भागात एक गाव होतं. नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून आहेत. गावाच्या कडेला माळ्यांची एक गल्ली. वांगी, मेथी, झेंडू, शेवंती यांवर त्यांचा संसार. विहिरी आटल्या आणि मळे वाळून कोळ झाले. तरणे गडी खडी फोडायला गेले. गल्लीत उरल्या म्हाताऱ्या. मला वाटलं होतं की या गावात सगळ्यांत जास्त नावं याच गल्लीतून येतील.

पहिली पुढे आली ती भागीरथी. सगळी गल्ली तिला भागीमाय म्हणायची. मळ्यात पहिलं रोप तिच्या हातानं लागायचं, कोणाच्या घरी लेकरू जन्मलं की पहिलं पाणी तिच्या हातचं. पाठ कमानीसारखी वाकलेली, पण आवाज खणखणीत. दोन प्रश्न झाले. मी तिसरा विचारला, "माय, तुले कोन हाये?"

"मले लेक हाये," ती म्हणाली. "सुखदेव."

"कुठी असते?"

"अकोल्याले. कापसाच्या कारखान्यात."

"पैसे पाठवते?"

"पाठवीन तो," ती म्हणाली.

मी लेखणी खाली ठेवली. लेक कमावता, म्हणजे नियमानं नाव लागत नव्हतं. ती शांतपणे बाजूला झाली. आणि तिच्यामागं उभ्या असलेल्या बाया एकेक करून पुढे आल्या आणि सगळ्यांनी तेच केलं. एकीला भाऊ होता, तो कुठं आहे ठाऊक नव्हतं. एकीला जावई होता. एकीला पुतण्या होता, तो काही वर्षांपूर्वी साथ आली तेव्हा घरातून गेला तो परतला नव्हता, पण होता. कोणालाच "कोनी नाई" नव्हतं. गल्ली जशी आली तशी रिकाम्या हातानं परत गेली.

गावचे पाटील हसत होते. खैरातीला त्यांचा पहिल्यापासून विरोध होता. माणूस वाईट नव्हता, पण त्यांचं म्हणणं तेच होतं जे आज वकीलसाहेबांचं आहे. "पाहा सायेब, गरज नाई यायले. सरकार उगाच वाटून राहिलं. म्या चाळीस वर्सं सारा भरला, मले काई नाई. ज्यानं कधी भरला नाई त्याले बसल्या जागी. हा कोनता न्याव?" खरं सांगायचं तर याला पुरतं उत्तर मला आजही सुचत नाही. मी नियमाप्रमाणे अहवाल पाठवला, त्या गल्लीत निराधार कोणी नाही. तहसीलदार खूश झाले. खर्च वाचला की साहेब लोक खूश होतातच.

पुढच्या आठवड्यात मी त्या गल्लीवरून गेलो. दुपारची वेळ, आणि एकाही घरावर धूर नाही. भागीमायच्या दारात गाडग्यात तरोट्याची भाजी शिजलेली होती. तरोटा हे रस्त्याकडेचं रान. वाळलेला, जून झालेला तरोटा ढोरंसुद्धा सोडून देतात. तिच्या हाताच्या काड्या झाल्या होत्या. मी उंबऱ्याबाहेरच उभा राहिलो.

"माय, लेक पैसे पाठवीन म्हनलीस. कवा आले होते?"

"अजून नाई आले."

"गेला कवा?"

तिनं सांगितलं. विहिरीच्या वाट्यावरून चुलत्याशी भांडण झालं, रागानं गेला. मधे साथ येऊन गेली. एका गाडीवानानं अकोल्याला पाहिल्यासारखं वाटलं म्हणून सांगितलं, तेही साथीच्या आधी. त्यानंतर काही नाही.

"मंग तो हाये का नाई, हेच तुले ठाव नाई. चावडीवर कोनी नाई म्हन, म्या नाव लिहतो."

तिनं झटकन माझ्याकडे पाहिलं. मी शिवी दिली असती तरी तिला इतकं लागलं नसतं. "कावून म्हनू?" ती म्हणाली. "जित्या लेकाच्या नावानं मायनं भर गावात कोनी नाई म्हनलं, अन् तिकडं त्याच्या जिवाचं काई झालं तं? मायच्या तोंडचं लागते, सायेब. तुमी पोथ्या वाचता, तुमाले ठाव नाई काय?"

आता उलगडलं. माझ्या प्रश्नानं आम्ही कोण निराधार आहे ते शोधत होतो. तिला तो प्रश्न असा ऐकू येत होता की, पोराचं श्राद्ध घाल, मग खायला देतो. आणि भागीमायनं उच्चारलं नाही, तर तिच्यामागच्या बाया कशा उच्चारतील? प्रत्येकीचं कोणीतरी कुठंतरी वाट चुकलेलं होतं. मी तहसीलदारांना लिहिलं. उत्तर आलं, अंधश्रद्धेसाठी नियम बदलता येत नाही. मुलाचा जबाब घ्यावा.

सुदैवानं म्हणा, मला तेव्हाच ज्वारीच्या भावाच्या चौकशीसाठी अकोल्याला पाठवलं. काम आटोपून मी जिनिंग कारखान्यांच्या भागात हिंडलो. हवेत कापसाचं तूस इतकं की माणसांच्या भुवया पांढऱ्या. दोन ठिकाणी विचारून तिसऱ्या ठिकाणी सुखदेव सापडला. जिवंत होता. अंगानं भरलेला, डोईला पटका, हाताखाली चार हमाल. माझा जीव खरंच भांड्यात पडला. भागीमायचं नशीब फळलं असं मला वाटलं, आणि मी गावाचं नाव घेतलं.

त्याचा चेहरा उतरला. त्यानं मला सरकीच्या ढिगामागं नेलं. "सायेब, हळू बोला. इथी कोनाले ठाव नाई." साथीनंतर या कारखान्यात लागला तेव्हा त्यानं मुकादमाला सांगितलं होतं की साथीत सगळे गेले, मागं कोणी नाही. मुकादमाला एकच मुलगी. आगापिछा नसलेला गडी घरजावई म्हणून सगळ्यांत चांगला. त्यानं मुलगी दिली, हाताखाली माणसं दिली. आता एक लहान मुलगी होती, दुसरं येणार होतं.

"तुई माय तरोटा खाऊन राहिली," मी म्हटलं.

त्यानं विचारलं ते असं, "तिनं काई फिर्याद केली काय माया नावानं?"

"नाई."

"मंग लिहून घ्या ना, सायेब. मले माय नाई. तुमाले तेच पायजे ना?"

मला खरंच तेच पाहिजे होतं. एका ओळीचा जबाब, त्याचा अंगठा, आणि नाव लागलं असतं. पण तो जबाब माझ्या हातानं लिहिणं माझ्याच्यानं झालं नाही. त्याला शिव्या द्याव्यात असं वाटलं, तेही झालं नाही, कारण तितक्यात एक लहान पोरगी "बाबा" म्हणत त्याच्या धोतराला येऊन बिलगली आणि तो दचकून इकडेतिकडे पाहू लागला. परतीच्या गाडीत डबा रिकामाच होता. इतका वेळ कोणाशी न बोलता बसायची मला सवय होती, तरी त्या दिवशी समोर कोणीतरी, कोणीही, असावंसं वाटलं.

गावात आल्यावर भागीमायकडे गेलो. तिला म्हटलं, "लेक खुशाल हाये. चार गडी हाताखाली हायेत. तुले नात हाये."

त्या बाईला झालेला आनंद मला सांगता येणार नाही. ती उठली, भिंतीला धरून गल्लीत गेली, आणि दारोदार सांगत सुटली. "माया सुखदेव हाये व! नात हाये मले!" उपाशी बाया उंबऱ्यावर येऊन हसत होत्या. कोणीतरी तिच्या कपाळाला माती लावली, हळद नव्हती म्हणून. मी पाहत उभा होतो. खैरातीच्या वर्षात कोणाला असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

मग ती परत आली, माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "त्यानं मायाबद्दल काय इचारलं?"

"कामाच्या गडबडीत होता," मी म्हटलं.

"हाव," ती म्हणाली. "कामाचा मानूस." मग तिनं विचारलं, "अन् तुमी कावून गेल्ते तिकडं?"

मी नियम समजावून सांगितला. लेक आहे म्हटलं की सरकार लेकाला विचारणारच. त्यानं पोसायला पाहिजे, नाही तर तसं लिहून द्यायला पाहिजे.

"दिलं त्यानं लिहून?"

"नाई."

"मंग आता?"

"पुन्हा जावं लागन. म्या नाई गेलो तं दुसरा कोनी जाईन. तहसीलदार त्याले इथी चावडीवर बोलावतीन," मी सरकारी सवयीनं सांगून टाकलं. तिनं गाडगं चुलीवरून उतरवलं आणि त्याला झाकण घातलं.

वाटपाच्या दिवशी चावडी भरली होती. पाटील खुर्चीवर, पटवारी बाजूला, मी सतरंजीवर. माळ्यांच्या गल्लीतलं कोणी येईल असं मला वाटलं नव्हतं. भागीमाय आली. धुतलेलं लुगडं, डोईवर पदर, आणि मागं सगळ्या बाया. ती सरळ माझ्यापुढं येऊन उभी राहिली. मी तोंड उघडायच्या आत तीच बोलली, आणि तिच्या नेहमीच्या खणखणीत आवाजात बोलली.

"लिहा. मले कोनी नाई."

आठवडाभर सारं गाव सुखदेवाची खुशाली ऐकत होतं. पाटील खुर्चीतून पुढे वाकले. "भागे, अव्, तुया सुखदेव हाये ना?"

"नाई म्हनलं ना, पाटील," ती म्हणाली. "मले कोनी नाई. हे चार लोक हायेत इथी, इचारा. कोनी पाहिला हाये काय त्याले येताना?"

शेजाऱ्यांना विचारायचा नियम होता. मी विचारलं. सगळ्या गल्लीनं खाली पाहिलं, कोणीही 'पाहिला' म्हणालं नाही. पाटलांनीही मग मान फिरवली. पाटील नियमावरून वाद घालतील म्हणून मी थांबलो होतो, पण ते म्हणाले, "लिहून घ्या, सायेब," आणि उठून बाहेर गेले. मी नाव लिहिलं. तिच्यामागची दुसरी बाई पुढे आली, मग तिसरी. भागीमायनं उच्चारलं होतं, आता त्यांची जीभ मोकळी झाली होती. कोणी रडत म्हणाली, कोणी पुटपुटत, पण सगळ्या म्हणाल्या. त्या आठवड्यात त्या गल्लीवर धूर दिसला, आणि पुढे पावसाळ्यापर्यंत दिसत राहिला. त्या गल्लीतलं एकही माणूस त्या वर्षी गेलं नाही.

वकीलसाहेबांना हे सांगितलं तर ते म्हणतील, बघा, खैरातीसाठी लोक लेकालाही नाकारतात. त्यांना मी काय उत्तर देऊ? सरकारनं द्यावं की नाही, याला माझ्याजवळ एकच दाखला आहे आणि तो धुराचा आहे. द्यावं. पण देताना माणसाला जे विचारलं जातं, त्याची किंमत कोणी अंदाजपत्रकात धरत नाही.

भागीमायच्या हातावर मी नाणी ठेवली. तिनं ती पदराच्या गाठीत बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली, आणि जायच्या आधी माझ्याकडे वाकली. एवढं हळू बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

"आता अकोल्याले जाऊ नोका, सायेब," ती म्हणाली. "कोनाले जाऊ देऊ नोका. त्याचा संसार हाये."

मी मान हलवली, आणि पुढचं नाव पुकारलं.